एस्तेरबाईंचं शेवटचं वाक्य

दिवाळीचा कंदील उतरवून झाला, फराळाच्या डब्यात तळाशी नुसता चिवड्याचा चुरा उरला, की एखाद्या दुपारी आमच्या पनवेलजवळच्या करंजाड्याच्या सातव्या मजल्यावर तो वास येतो. ओल्या मातीचा, जळणाऱ्या भाताच्या तुसाचा, धुराचा. आता इथे आसपास वीटभट्टी उरलेली नाही. भट्ट्या होत्या तिथे टॉवर आहेत आणि टॉवरच्या पायाशी दुधाचं दुकान, जिम आणि दातांचा दवाखाना. सून म्हणते, "आई, कुणीतरी कचरा जाळतंय." असेल बाई. मी वाद घालत नाही. खिडकी लावून घेते आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडते.

मी काही भुताखेतांना भिणारी नव्हे. उभी हयात बँकेच्या काउंटरमागे काढली. भूत आलंच तर त्याला आधी टोकन घ्यायला लावीन. पण त्या वासाबरोबर एक शांतता येते. दुपार कललेली असते, कुकर थंड झालेला असतो, खालची मुलं अजून खेळायला उतरलेली नसतात, आणि घरात कुणीतरी बोलता बोलता थांबलंय असं वाटतं. शांतता म्हटली की ती कुणाचीच नसावी. ही कुणाची तरी असते. तिची मात्र मला भीती वाटते.

ती मी पहिल्यांदा ऐकली एस्तेरबाईंच्या घरात. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती, मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, आणि पनवेल अजून पनवेलच होतं.

एस्तेरबाई म्हणजे आमच्या गावातली एकुलती एक इंग्रज बाई. मूळ नाव हेस्टर. तिकडे विलायतेत त्या नाटकांत कामं करायच्या, नाटकं लिहायच्याही. नवरा इथला, सामू. बेने इस्राएल. म्हणजे ज्यू, पण घरात मराठी बोलणारे, आणि आजोबा-पणजोबांचा तेलाचा घाणा असलेले. त्यांची पुष्कळशी माणसं तोवर इस्राएलला निघून गेली होती. सामूकाका गेले नाहीत, आणि मग एक दिवस वारलेच. हेस्टर सून म्हणून घरात आली तेव्हा सासूने तिची एस्तेर केली आणि तिला आपली मराठी शिकवली. ही मराठी थेट पनवेलच्या बाजारातली. त्यामुळे ही उंच, गोरी, चांदीसारख्या केसांची बाई मासळी बाजारात कोळणीला "एवढं म्हाग आमी नाय घेणार हां" असं सुनवायची, आणि एखादा नवखा माणूस दचकून मागे बघायचा की बोललं कोण.

त्यांची नजर अधू होत चालली होती. वाचून दाखवायला कुणी मुलगी मिळेल का, असा निरोप त्यांनी वाचनालयात ठेवला. आमच्या बाबांनी तो ऐकला आणि लगेच मला पाठवलं. "इंग्लिश सुधारेल तुझं, वसुधा," ते म्हणाले. माझं इंग्लिश काही सुधारलं नाही. बाई माझ्याशी बाजारातल्या मराठीतच बोलायच्या.

घर तलावाच्या बाजूला, कौलारू, पुढे पडवी. दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली एक छोटी नळी होती, आत त्यांच्या प्रार्थनेचा कागद. बाई आत जाताना तिला बोट लावून बोट ओठांना लावायच्या. मीही लावायला लागले. नाही लावलं तर घर आपल्याला ओळखणार नाही असं मला वाटायचं. आतल्या मोठ्या खोलीत सामान फार नव्हतं. एक लांब बाक, एक टेबल, आणि भिंतीपासून सुटी, खोलीच्या मध्याकडे तोंड करून ठेवलेली हातांची खुर्ची. पहिल्या दिवशी मी तिच्यात बसायला गेले तेव्हा बाई म्हणाल्या, "तिथं नको गं. दुसरीकडं बस."

मला वाटलं, खुर्चीचा पाय मोडका असेल.

त्यांच्यात सुंतेच्या समारंभाला एक खुर्ची एलियाहू नबीसाठी, त्यांच्या प्रेषितासाठी, रिकामी ठेवतात, तो येऊन बसतो म्हणतात, हे मला नंतर कळलं. बाईंची खुर्ची मात्र नबीसाठी नव्हती. ती सामूकाकांची होती. आणि रिकामी होती की नाही, याबद्दल त्या घरात दोन मतं होती.

एक मत माझं. दुसरं चांगुणाचं. चांगुणा बाईंकडे झाडलोट, भांडी करायची. डोंगराकडच्या कातकरी वाडीतली, काटक, थोडक्यात बोलणारी. पावसाळाभर आमच्या गावात कामं करायची आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर कोन गावच्या बाजूला वीटभट्टीवर जायची, ती थेट वळवाच्या पावसाला परत यायची. ती खोली झाडताना मी बघायची. बाकाखालून, टेबलाखालून झाडू फिरायचा, आणि खुर्चीपाशी आला की वळसा घालून पुढे जायचा.

"तिथला कचरा राहिला की गं," मी एकदा म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. बसलेल्या मान्साच्या पायात झाडू कोन मारतंय?"

"कोण बसलंय?"

"माला काय इचारतेस? बायला इचार," असं म्हणून ती सूप घेऊन बाहेर निघून गेली.

मी बाईंना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सरळ उत्तर दिलं असतं, आणि मला ते नको होतं.

बाई आपलं आयुष्य सलग कधी सांगायच्या नाहीत. चहा उकळेपर्यंत एक तुकडा, कपड्यांच्या घड्या घालताना दुसरा. त्यांचं गाव समुद्रकाठचं, थंड, सतत वारा. आई नाटकमंडळीचे कपडे धुवायची. त्या ओळखीवर पोरगी रंगमंचावर गेली, शाळा सुटायच्या वयात. "पयल्या नाटकात मला एक वाक्य नव्हतं," बाई म्हणाल्या. "मी प्रेत होते. चादर घालून पडायचं, आणि सगळे आपल्यावरून बोलत ऱ्हाणार. मेलेल्याला एकच काम. ऐकायचं. नाटक मी तिथं शिकले."

पुढे मोलकरणीची कामं, हातात ट्रे घेऊन आत यायचं, ट्रे ठेवून बाहेर जायचं. मग काही वर्षं नायिका. गावोगाव फिरणारी कंपनी, गारठलेल्या खानावळी, ओले मोजे शेगडीवर. मग तिशी उलटली आणि नायिकेची आई झाली, मग आत्या, मग नुसता आतून येणारा आवाज. "बायकांना म्हातारपण यायच्या आधीच वाक्यं संपतात," त्या म्हणाल्या. "मग मी म्हटलं, आपली आपण लिहू." खानावळीच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी पहिलं नाटक लिहिलं. ते लंडनमध्ये चांगलं चाललं. दुसरं इतकं पडलं की मध्यंतरात लोक उठून गेले, आणि शेवटचा अंक त्यांनी झाडूवालीसमोर केला. दोन्ही गोष्टी त्या सारख्याच चवीने सांगायच्या. लढाईच्या दिवसांत त्यांनी बाहेर बॉम्ब पडत असताना प्रयोग केले होते. लोक अंधारात स्फोट ऐकायचे आणि पुन्हा नाटकाकडे वळायचे. त्या प्रेक्षकांतले काही घरी पोचायचे नाहीत. पुढच्या प्रयोगाला त्या खुर्च्यांत दुसरी माणसं बसलेली असायची. "तरी मला जुनीच दिसायची," बाई म्हणाल्या आणि कप विसळायला घेतला.

लढाईनंतर एक मंडळी हिंदुस्थानात आली, तिच्यातून बाई मुंबईला आल्या. तिथे दिव्यांच्या कामावर सामूकाका. "मी रंगमंचावर उभी होते, आणि उजेड माझ्या आधी हलला. मला कुठं जायचं ते मलाच ठाऊक नव्हतं. वर बसलेल्या त्या मान्साला ठाऊक होतं. असल्याशी लगीन नाय करायचं तर कोणाशी?"

म्हणून मग पनवेल. इथे कसलं नाटक? गणपतीतलं, शाळेच्या गॅदरिंगचं. एकेकाळी लंडनमध्ये टाळ्या घेतलेली बाई आमच्या शाळेच्या पोरींना पऱ्यांचे पंख चिकटवून द्यायची. मला त्याचं तेव्हा हसू यायचं, आता येत नाही.

सामूकाका गेल्यावर त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं. हे शेवटचं नाटक त्यांना मराठीत करायचं होतं, पनवेलमध्येच, आणि मुख्य काम स्वतः करायचं होतं. डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. "उभ्या जन्मात दुसऱ्यांची शेवटची वाक्यं बोलले," त्या मला म्हणाल्या. "हे माझं हाय. एकदा बोलायचं, जित्या मान्सांसमोर. मग काय व्हायचं ते होऊ दे." एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती पुरी व्हावी म्हणून मी त्या वर्षी अभ्यास वाऱ्यावर सोडला.

नाटक साधं होतं. एक म्हातारी, तिची मुलगी. मुलगी आईला शहरात न्यायला आलीय. आई म्हणते, कुणी तरी यायचंय, तो येऊन गेल्याशिवाय मला हलता येणार नाही. कोण यायचंय ते सांगत नाही. एक खुर्ची मांडून ठेवते. दोघी भांडतात, जेवतात, जुनं उगाळतात, दिवस मावळतो. शेवटी मुलगी बॅग उचलून दारात जाऊन उभी राहते, आणि आई एक वाक्य बोलते. दिवा जातो. झालं. मुलीचं काम माझं होतं. आईची मराठी अर्थात बाईंची बाजारातलीच होती.

सप्टेंबरात तालमी सुरू झाल्या. रोज दुपारी, कारण बाईंना उजेडात थोडं तरी दिसायचं. पहिल्याच दिवशी आम्ही शेवटापर्यंत आलो, मी दारात बॅग घेऊन उभी राहिले, आणि बाई गप्प. थोडा वेळ गेला, त्या म्हणाल्या, "हं. छान. आता चहा ठेव."

"बाई, वाक्य?"

"ते तालमीत बोलत नाय. आमच्यात नाय चालत."

आमच्यात श्रावणात कांदा चालत नाही, अशा थाटात त्यांनी ते सांगितलं. मग कळलं, हे 'आमच्यात' म्हणजे तिकडच्या नाटकवाल्यांत. जुनी रीत. नाटकाचं शेवटचं वाक्य पहिल्या प्रयोगापर्यंत तोंडातून काढायचं नाही. "बोललं की नाटक पुरं झालं. पुरं झालेलं नाटक लोकांना काय दाखवायचं? टोक मोकळं ठेवायचं. लोक येऊन बसले की गाठ मारायची." त्या रिती मोडणाऱ्या बाईच नव्हेत. पडद्यामागे शिट्टी वाजवायची नाही, हीसुद्धा एक रीत होती. मी विचारलं, कुकरची चालते का? बाई गंभीरपणे म्हणाल्या, "कुकर नट नाय."

ते वाक्य त्यांनी लिहिलंही नव्हतं. माझ्याकडच्या प्रतीत शेवटच्या पानावर खाली रिकामी जागा होती. "लिहिलं म्हंजे बोलल्यासारखंच," असं त्यांचं म्हणणं.

तेव्हा रोज दुपारी, मी दारात, बाई टेबलापाशी, आणि मध्ये ते न बोललेलं वाक्य. त्याला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ बाई ओठ मिटून उभ्या राहायच्या. सुरुवातीला ती शांतता लहान होती. मला गंमत वाटायची, मी तिच्यावरून वाक्याचा अंदाज बांधायची. चारपाच शब्दांचं असेल. शेवटी हाक मारल्यासारखं काहीतरी असेल, कारण बाईंची हनुवटी किंचित वर जायची.

बाहेर लवकर येणारं हळवं भात पिवळं झालं, कापलं गेलं. बाजूच्या वाडीत झोडणीचा धप धप आवाज दुपारभर यायचा, आणि आमच्या शांततेत तो मोठा व्हायचा. मग झोडणी संपली, आणि माझ्या लक्षात आलं की शांतता वाढलीय.

पहिल्यांदा मला वाटलं, भास. मग वाटलं, बाई थकल्यात. पण नाही. पूर्वी त्या वाक्य मनात बोलून मोकळ्या व्हायच्या. आता त्या उभ्या राहायच्या, चेहऱ्यावर काही नसायचं, आणि मग मान हळूच खुर्चीकडे वळायची. वर्गात उत्तर न येणारी मुलगी शेजारणीकडे बघते तशी. बाई तिथेच बघत राहायच्या. कधी चटकन "हं" म्हणायच्या, कधी कितीतरी वेळाने.

एका दुपारी दारात उभी असताना मला ते कळलं. बाई वाक्य विसरत होत्या. इतर काही विसरत होत्याच. दूध गॅसवर राहायचं, मला मधूनच दुसऱ्याच नावाने हाक मारायच्या. ट्रंकेत जपून ठेवलेली वस्तू माणूस अधूनमधून उघडून बघतो, आहे ना म्हणून. हे वाक्य उघडून बघायचीच बंदी. बोलायचं नाही, लिहायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही. ते अजून आत आहे की कधीच निघून गेलं, हे बाईंनाही कळायला मार्ग नव्हता.

"बाई, एकदा मला कानात सांगून ठेवता का?" मी धीर करून विचारलं. "मी कुण्णाला सांगणार नाही."

त्या हसल्या. "तू कशाला घाबरतेस? सामूला ठाऊक हाय. शेवटच्या वाक्यावर दिवा घालवायचा म्हंजे दिव्यावाल्याला ते सांगावंच लागतं. त्या एकाला चालतं. माझं प्रत्येक शेवटचं वाक्य मी त्याच्या कानात सांगितलंय. तो इसरत नाय."

मला बरं वाटलं. चप्पल घालून तलावाच्या कडेने घरी निघाले, अर्ध्या वाटेत आले, आणि पाय थांबले. सामूकाका गेल्यावर बाईंनी हे नाटक लिहायला घेतलं होतं. मग त्यांच्या कानात हे वाक्य सांगितलं कधी?

त्या रात्री आईने माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. मी तिला काही बोललेही नव्हते, पण माझा चेहरा तिला पसंत पडला नसावा.

आजही मी नाटकाला गेले आणि शेवट जवळ आला की मी खुर्चीचे हात घट्ट धरते. मैत्रिणी म्हणतात, तू इतकी रंगून जातेस! मी कसली रंगतेय. शेवटच्या वाक्याआधी नट जो श्वास घेतो ना, तो माझ्याने ऐकवत नाही. आलंच नाही तर? आपण सगळे रोज शेकडो वाक्यं बोलतो ती सगळी पुढचं वाक्य येणारच या भरवशावर. भाजी निवडताना, फोनवर, नवऱ्यावर ओरडताना. तो भरवसा कुणी दिलाय आपल्याला?

दिवाळी झाली. चांगुणा भट्टीवर निघून गेली. जायच्या दिवशी ती पडवीत टेकली आणि म्हणाली, "बाय, खेल कवा हाय तुमचा? आमी येऊ." बाईंनी तिला दिवस सांगितला. मग माझ्याकडे बघून चांगुणा हळूच म्हणाली, "तू हाईस म्हनून जाते मी. तिनसांजंला तिला एकटी नको ठेवू. त्या येळंला ती लई बोलते."

"कुणाशी?"

चांगुणाने खांद्यावरची पोर सावरली आणि निघाली.

शाळेचा हॉल मिळाला. दिवे आणि पडदा गजाभाऊंकडे. गजाभाऊ गावातले मंडप-डेकोरेटर. लग्नात नवरानवरीवर लाल-हिरवे दिवे फिरवायचे, आणि तेच दिवे गणपतीत राक्षसावर. ते वहीतल्या खुणा बघत म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं ओके, पन लाइट कुठल्या डायलॉगवर घालवायची? लास्टचा डायलॉगच नाय लिहिलेला."

"तुमाला कळेल, गजाभाऊ."

"कळेल म्हंजे? मला काय सपान पडणारे?"

"कळेल," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला. गजाभाऊंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला.

प्रयोग संध्याकाळचा ठेवला, भट्टीवरच्या लोकांना फार उशीर नको म्हणून. खुर्ची हातगाडीवरून नेली. बाई गाडीच्या बाजूने चालत होत्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून. रस्त्यात लोक नमस्कार करत होते आणि बाई नमस्कार घेत होत्या. भट्ट्या पेटल्या होत्या, कोनच्या अंगाला आभाळाच्या खाली धुराची पट्टी होती, आणि वास गावभर.

लोक आले. मला वाटलं होतं पंधरा-वीस येतील. कॉलेजचे प्राध्यापक आले, वाचनालयातले नेहमीचे म्हातारे आले, तलावाकडच्या बायका शेंगांच्या पुड्या घेऊन आल्या, दोन-तीन बेने इस्राएल कुटुंबं पुढच्या रांगेत बसली. चांगुणा तिच्या माणसांना घेऊन मागे जमिनीवर बसली, हातापायांवर अजून चिखल वाळलेला. पडद्याच्या फटीतून मी हे सगळं बाईंना सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. "जिती मान्सं," त्या म्हणाल्या.

नाटक कसं झालं ते मला आठवत नाही. मी त्यात होते. एवढं आठवतं की बाई मोठ्या झाल्या. घरात धरून धरून चालणारी ती बाई दिव्याखाली उभी राहिली आणि आवाज शेवटच्या भिंतीवर जाऊन टेकला. लोक हसायचे तिथे हसले, आणि जेवणाच्या प्रवेशात एक बाई पदर तोंडाला लावून बसली होती. एकही वाक्य बाई चुकल्या नाहीत. मी मनात म्हटलं, उगाच घाबरले मी.

मग मी बॅग उचलली, दारात जाऊन उभी राहिले, आणि वळले.

शांतता आली. तालमीतली सगळ्यात लांब शांतता जिथे संपायची तिथे ही पोचली आणि पुढे गेली. बाईंची मान खुर्चीकडे वळली. कुणी खोकलं नाही. मागे एक तान्हं रडलं आणि लगेच गप्प झालं. बाईंचे ओठ उघडले, मिटले. मी समोर उभी होते, मला त्यांचे डोळे दिसत होते, आणि त्यांत काही नव्हतं. काहीच नव्हतं. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेऊ शकले असते. पण ते वाक्य माझं नव्हतं, आणि जिचं होतं ती आयुष्यभर त्याच्यासाठी थांबली होती. हॉल इतका गप्प होता की मला भट्टीच्या धुराचाही आवाज येतोय असं वाटलं.

बाई खुर्चीकडून माझ्याकडे वळल्या. म्हातारी मुलीकडे वळते तशा नाही. एस्तेरबाई वसुधाकडे वळल्या. अगदी हलक्या, हरवलेल्या आवाजात म्हणाल्या, "मला आठवत नाय गं."

आणि दिवा गेला.

अंधारात कुणी हललं नाही. मग टाळ्या आल्या. किती वेळ वाजत होत्या! प्राध्यापक आत येऊन डोळे पुसत म्हणाले, "काय शेवट लिहिलाय! ज्याची वाट बघायची तोच आठवत नाही. बाप रे." सगळ्यांना वाटलं, हेच ते वाक्य. फक्त चांगुणा जाता जाता मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाय खरं बोलली," आणि तिच्या माणसांमागे चालू लागली.

दुसऱ्या दिवशी गजाभाऊ शाळेत वायरी गुंडाळत होते. मी विचारलं, "तुम्ही बरोबर त्याच वाक्यावर दिवा कसा घालवला?"

"मागनं कोनीतरी बोललं ना, 'आता' म्हनून," ते सहज म्हणाले. "मी समजलो तुमच्यातलाच मानूस असेल. का? चुकलं का काय?"

"नाही. बरोबर होतं," मी म्हणाले. प्रयोगाच्या वेळी गजाभाऊ जिथे बसले होते तिथे त्यांच्या पाठीला शाळेची भिंत होती.

मी या गोष्टीवर पुष्कळ वर्षं विचार केलाय. बाई वाक्य विसरल्या असतील, आणि तोंडून खरं निसटलं असेल. किंवा तेच मूळचं वाक्य असेल. त्या वाढत गेलेल्या शांतता, ते खुर्चीकडे बघणं, सगळा अभिनय असेल, आणि मला घाबरवून त्यांनी माझ्याकडून ते दारातलं उभं राहणं बरोबर काढून घेतलं असेल. नटीचं काय सांगावं. तिसरीही एक शक्यता आहे, ती मी मोठ्याने बोलत नाही. बाई पुढच्या पावसाआधी गेल्या. त्यांच्या लोकांनी प्रार्थना म्हटल्या आणि त्यांना सामूकाकांच्या शेजारी पुरलं. चांगुणा भट्टीवरून चालत आली होती.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

लोक गेले. गजाभाऊ चहाला गेले. पडदा अजून पडलेला होता, एकच दिवा लागलेला, आणि बाई तिथेच उभ्या होत्या, वाक्य बोलल्या त्या जागी. मी म्हटलं, बाई, चला, घरी जाऊ. त्या पडद्यापाशी गेल्या आणि फटीला डोळा लावला.

"बसलेत अजून," त्या कुजबुजल्या. "कोण्णी उठलं नाय."

मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. रिकाम्या खुर्च्या, जमिनीवर शेंगांची टरफलं, कुणाची तरी राहिलेली ओढणी. मागचं दार उघडं होतं आणि त्यातून धूर आत येत होता.

"वसू," बाईंनी माझं मनगट धरलं. लहान मुलीसारखा आवाज. "तेच होतं ना गं? मी बोलले ना ते?"

ते वाक्य मी जन्मात ऐकलेलं नव्हतं.

"हो बाई," मी म्हणाले. "अक्षरन् अक्षर तेच."

त्यांनी श्वास सोडला. केस सारखे केले, पदर खांद्यावरून पुढे घेतला. "मग पडदा वर घे. लोकांना किती ताटकळत ठेवायचं?"

मी दोर ओढला. बाई दोन पावलं पुढे गेल्या, त्या रिकाम्या हॉलकडे बघून हसल्या, आणि हळूहळू, गुडघ्यांना दुखत असताना, खाली वाकल्या. मी दोर धरून उभी होते. त्या बराच वेळ तशाच वाकलेल्या राहिल्या, आणि टाळ्या थांबल्या तेव्हाच सरळ झाल्या.